नदी-जंगलाचं काम हे पण करिअरच आहे, त्याचा पगार द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरची करिअर पुरवणी येते आणि आमच्या घरी ती अजूनही जपून ठेवल्या जाते, कारण मामेबहिणी-चुलतबहिणींची पोरं आता त्या वयात आलीत आणि कोणी ना कोणी मागतेच. यंदाची पण पूर्ण वाचली. नीट, जेईई, सीए, एमपीएससी, डेटा सायन्स, अगदी ड्रोन पायलटसुद्धा होतं. पर्यावरणाच्या नावावर मात्र अर्धा कॉलम आणि त्यात काय, तर वाइल्डलाइफ फोटोग्राफी. आता ज्या नागपूर शहराला आपण टायगर कॅपिटल म्हणून मिरवतो, जिथे राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आहे, नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे, राज्याचं जैवविविधता मंडळ आहे, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा चारी बाजूंनी आहे, त्या शहरातल्या पोरापोरींना नदी-जंगलाचं काम म्हणजे मोठी लेन्स लावून जिप्सीत बसणं एवढंच सांगायचं, हे काही पटलं नाही. म्हणून लिहून राहिली. पत्र लांब होईल, आधीच सांगते.

मी स्वतः याच कामात आहे, बऱ्याच वर्षांपासून. संस्थेचं नाव देत नाही कारण जाहिरात करायची नाही. पूर्व विदर्भातल्या गावांमध्ये, लोकांसोबत, तलाव-नाले-जंगल असं काम. पगार मिळतो, म्हणजे नोकरीच आहे, पण नातेवाईकांत माझी ओळख 'एनजीओवाली' अशी आहे आणि आमच्या मोठ्या काकू अजूनही भेटल्या की विचारतात, तुझं ते समाजसेवेचं आटोपलं का गं, मग आता नोकरीचं काय करतेस. काकूंचा राग नाही येत. पेपरात या कामाबद्दल जे काही छापून येते ते सगळं 'ध्येयवेडा तरुण', 'लाखाचं पॅकेज सोडून जंगलात' याच टाइपचं असते, तर मग काकूंनी दुसरं काय समजायचं. खरं सांगू, ध्येयवेडं असायची काही गरज पडत नाही. हिशोब नीट येणं, समोरच्याचं ऐकून घेता येणं आणि रात्री अकरापर्यंत जागं राहता येणं, हे जास्त कामाचं.

कारण ग्रामसभा रात्रीच बसते. दिवसा लोक वावरात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडते तेव्हा अंधार असतानाच घरची सगळी झाडाखाली, मे मध्ये बिडीचा तेंदूपत्ता, पाऊस लागला की धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी. मीटिंग कधी घ्यायची हे आपल्या कॅलेंडरवर ठरत नाही. कोणी मोठ्या शहरातले साहेब ऐन तेंदूच्या हंगामात वर्कशॉप ठेवतात, बॅनर लावतात, नाश्ता मागवतात आणि मग आम्हाला विचारतात की लोक काहून आले नाही. वाघ या कामात फारसा दिसत नाही. दिसला तर संध्याकाळी बाईकवर परत येताना रस्त्यात दिसतो आणि तेव्हा फोटो काढायचं सुचत नाही.

बाकी काम कागदाचं. म्हणजे सामूहिक वनहक्काचा दावाच घ्या. २००६ चा वनहक्क कायदा गावाला आपलं जंगल सांभाळायचा, वापरायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क देतो, पण तो हक्क मागावा लागते आणि पुराव्यानिशी मागावा लागते. आपला भाग जुन्या मध्य प्रांतातला, त्यामुळे आपल्याकडे निस्तार पत्रक नावाचा कागद निघतो, त्यात गावाचे सरपणाचे, चराईचे, तलावाचे काय हक्क होते ते लिहिलेलं राहते. तो रेकॉर्ड रूममधून शोधून काढायचा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे, त्यांच्याचसोबत जंगलात फिरून हद्दीचे जीपीएस पॉइंट घ्यायचे, नकाशा बनवायचा, ठराव घ्यायचा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. मध्येच कुठेतरी फाईल सापडत नाही म्हणतात, मग परत पहिल्यापासून. आणि हक्क मिळाला की काम संपलं असं नाही, तिथून खरं सुरू होते. बांबू कोणत्या कंपार्टमेंटचा तोडायचा, किती तोडायचा, लिलाव कसा करायचा, वाहतुकीचा पास, मजुरीचं वाटप, बँकेचं खातं, पॅन, जीएसटी, ऑडिट. त्यामुळे या करिअरमध्ये बॉटनीवाल्याएवढीच गरज बीकॉमवाल्याची आहे, हे कुठल्याच पुरवणीत येत नाही. मला तर आज कोणी विचारलं की एकच माणूस देतो, कोण पाहिजे, तर मी वन्यजीव शास्त्रज्ञाच्या आधी चांगला अकाउंटंट मागीन.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा सगळ्यांना ऐकून माहीत आहे. देवाजी तोफांचं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' वालं. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, साधारण १८०० हेक्टर जंगलावर, देशात सगळ्यात आधी. २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बातम्यांमध्ये इथूनच गोष्ट सुरू होते. पण ती त्याच्या खूप आधीची आहे, ऐंशीच्या दशकातली, जेव्हा इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टनम आणि इचमपल्ली ही धरणं येणार होती आणि बाबा आमटेंच्या नेतृत्वात गडचिरोलीच्या आदिवासींनी 'जंगल बचाव मानव बचाव' म्हणून आंदोलन उभं केलं. नदीवरचं धरण आणि जंगलावरचा हक्क हा एकच विषय होता तिथे, आपल्या अभ्यासक्रमातच तेवढे त्याचे दोन वेगळे डिपार्टमेंट आहेत. त्या आंदोलनातून मेंढ्यात बोलणं सुरू झालं. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते तिथे जाऊन बसायला लागले आणि अभ्यास गट सुरू झाले. एखादा विषय घ्यायचा, माहिती काढायची, बोलायचं, निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा. बहुमताने नाही, सहमतीने. म्हणजे एकजण जरी नाही म्हणाला तरी परत बसायचं.

आता हे वीस-बावीस वर्षांचं काम आहे आणि आजकालचा प्रोजेक्ट असतो तीन वर्षांचा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी दिलेला पैसा म्हटला की पहिल्या वर्षी बेसलाइन सर्वे, दुसऱ्या वर्षी ॲक्टिव्हिटी, तिसऱ्या वर्षी इम्पॅक्ट रिपोर्ट आणि चकाचक व्हिडिओ, आणि मग सगळी टीम घरी. गावाला तोपर्यंत आमची नावं नीट पाठ झालेली असतात बस. मी अशा बैठका पाहिल्यात जिथे गावातला म्हातारा सरळ विचारतो, पोरी तू किती दिवसाची आहेस, कारण तुझ्या आधी आलेला पोरगा दोन वर्षांतच गेला. या प्रश्नावर कोणत्याच युनिव्हर्सिटीत उत्तर शिकवत नाही.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पण सांगते, कारण त्याबद्दल कमी बोलल्या जाते. छोटंसं गाव. २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला, बांबूवर गावाची कमाई कोटींच्या घरात गेली, पोटापाण्यासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांना गावातच मजुरी मिळायला लागली. पण मला त्यांचा दुसराच निर्णय जास्त भारी वाटते. तेंदूपत्ता विकायचा नाही असं त्यांनी ठरवलं. तेंदूत नगद पैसा आहे, तरी नाही. कारण चांगला पाला यावा म्हणून झाडाच्या फांद्या छाटतात, आगी लावतात, त्यात बाकीचं जंगल मरते आणि फळं मिळत नाही ती वेगळी. जंगलाचा एक तुकडा तर त्यांनी हातच लावायचा नाही म्हणून बाजूला काढून ठेवला. हा निर्णय कोण्या तज्ज्ञाने नाही दिला. पण असा निर्णय घेण्याइतकं गाव निवांत बसू शकलं, त्यांना हक्काचा कागद आणि बांबूचा हिशोब हातात होता म्हणून. तो कागद आणि तो हिशोब उभा करायला मदत करणारा माणूस, त्याच्या नोकरीबद्दल मी बोलून राहिली आहे.

आता तलावांवर येते, हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे सहन करा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांच्या वर मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले. मामा हे नाव सरकारी कागदातलं, तलाव त्याच्या खूप आधीचे, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. पाळ कुठे घालायची, वरच्या तलावाचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कसं उतरवायचं, हे त्या लोकांना कोणत्याही मशीनशिवाय समजत होतं, आणि त्याच भरवशावर आपला झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा धान उभा आहे. १९५०-५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, लोकांचे निस्ताराचे हक्क राहिले पण गाळ काढायचा कोणी आणि पाळ दुरुस्त करायची कोणी हे हळूहळू कोणाचंच काम राहिलं नाही. मग तलावात बेशरम घुसलं. अमेरिका खंडातलं झाड ते, इथे आलं आणि नावाला जागलं. पाणी कमी झालं की काठाने सगळं तेच. त्यात उत्पन्न वाढवायचं म्हणून रोहू, कतला, मृगल आणि गवत खाणाऱ्या माशांचं बीज सोडलं, त्यांनी पाण्यातल्या वनस्पती साफ केल्या आणि मग आपल्या मूळच्या मासोळ्या कमी होत गेल्या, कारण त्यांना अंडी घालायला आणि लपायला जागाच नाही राहिली.

हे सगळ्यात आधी कळलं मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या लोकांना, आणि त्यातल्या त्यात बायांना, कारण बाजारात टोपलं घेऊन त्याच बसतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि फीड या संस्थांनी, मनीष राजनकर वगैरे मंडळींनी, या लोकांसोबत जे काम केलं ते मी दर नवीन पोराला आधी बघून ये म्हणून सांगते. त्यांनी सुरुवात कशातून केली तर लोकांना काय माहीत आहे ते लिहून काढण्यातून. कोणती मासोळी कोणत्या वनस्पतीत अंडी घालते, कोणता पक्षी कोणती वनस्पती खातो, तलावाचा कोणता भाग चिखलाचा, कोणता खडकाचा. मग उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम हाताने मुळासकट उपटायचं, तलावाच्या पोटात नांगर घालायचा आणि पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती चिखलात लावायच्या, अगदी रोवणीसारख्या. बायांना रोवणी शिकवावी लागत नाही. त्या तलावांत नंतर देशी मासोळ्या वाढल्या, पक्षी यायला लागले. आणि एक गोष्ट अशी झाली जी कोणत्याही रिपोर्टच्या तक्त्यात बसत नाही. ज्या बाया ग्रामसभेत मागे पदर घेऊन बसत होत्या त्या पुढे बसून मच्छीमार संस्थेच्या लीजबद्दल प्रश्न विचारायला लागल्या. तलाव सुधारला म्हणून बाया पुढे आल्या की बाया पुढे आल्या म्हणून तलाव सुधारला, मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही.

गोंदियातले सारस पण असेच टिकले आहेत, जेवढे आहेत तेवढे. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पट्ट्यात, धानाच्या बांधीत घरटं. दर वर्षी जूनमध्ये गणना होते, सेवा संस्थेचे लोक, वनखातं आणि गावातले शेतकरी मिळून करतात. शेतकऱ्याने आपल्या बांधीतलं घरटं राखलं नाही तर कोणतंही अभयारण्य त्या पक्ष्याला वाचवू शकत नाही, कारण तो अभयारण्यात राहतच नाही.

आता नागपूर. आपली नाग नदी. शहराचं नाव जिच्यावरून पडलं म्हणतात ती, आणि आपण तिला नाला म्हणतो. वाडी-लाव्ह्याच्या बाजूच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, शहराचं सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पवनीजवळ गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जाऊन थांबते. म्हणजे आपण जे सकाळी फ्लश करतो ते भंडाऱ्याच्या ढीवराच्या जाळ्यात. नदीवर लोकसहभागाचं काम म्हटलं की नागपुरात आपल्याला वाटते की काठावरच्या वस्तीने कचरा टाकू नये म्हणजे झालं, पण नागपूरच्या नदीचे लोक शंभर किलोमीटर खाली पण राहतात आणि त्यांना कधी कोणी मीटिंगला बोलावत नाही.

दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांमध्ये पोकलेन उतरतात, गाळ निघतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेवढाच असतो. एखाद्या रविवारी हातमोजे घालून साफसफाई होते, फोटो येतात, तुमच्याच पेपरात पान तीनवर. कोणाचा उत्साह कमी करायचा नाही मला, पण दोन तासांत दहा पोती प्लास्टिक काढलं याला नदी संवर्धन म्हणू नका प्लीज. केंद्राने मंजूर केलेला नाग नदीचा प्रदूषण निर्मूलनाचा प्रकल्प सुमारे १९२७ कोटींचा आहे. व्हायलाच पाहिजे तो, सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय नदी साफ होत नाही, त्यात वाद नाही. फक्त माझा प्रश्न एवढाच की या एवढ्या मोठ्या रकमेत नदीकाठच्या वस्त्यांमधल्या पोरापोरींसाठी पगाराच्या किती जागा आहेत? पाणी तपासायच्या, कुठल्या गटारातून रात्री काय सोडतात त्यावर लक्ष ठेवायच्या, पुराच्या आधी घरोघरी सांगायच्या. हे काम शिकायला अवघड नाही. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट दहावी झालेली मुलगी आरामात वापरते. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते पाहायची छोटी बाटली येते, पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं की समजायचं आहेत. दगड उलटून खाली कोणते किडे आहेत ते पाहून पण नदीची तब्येत कळते, काही किडे घाण पाण्यात राहतच नाही. हे रोज केलं, वर्षभर केलं, वहीत लिहिलं, तर त्याला किंमत आहे. रविवारी केलं तर नाही.

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र तुमच्या वाचकांना सांगायला नको. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं, मोरभवन बसस्थानकातल्या बसेस बुडाल्या, माणसं गेली. तोपर्यंत नदीकाठचे लोक म्हणजे अतिक्रमणवाले असं समजणाऱ्यांना त्या दिवशी कळलं की तेही नदीकाठचेच लोक आहेत, रजिस्ट्री असली तरी. त्याच्या आदल्या वर्षी जुलै २०२२ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख कोलार आणि कन्हानमध्ये गेली आणि नागपूरच्या पाण्यावर परिणाम झाला. दोन्ही वेळेला आपण चौकशी, पंचनामा, नुकसानभरपाई यावर बोललो. नदीवर रोज नजर ठेवायला पगारी माणूस का नाही, यावर नाही बोललो. २०२२ च्या २ ऑक्टोबरला सेवाग्रामवरून 'चला जाणूया नदीला' अभियान सुरू झालं, राज्यातल्या ७५ नद्या घेतल्या, नदी यात्रा निघाल्या, चांगलं झालं. पण यात्रा संपते, नदी तर रोज वाहते, आणि यात्रेत फिरलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी कामधंदा शोधावाच लागला असेल ना.

हेच जंगलाच्या बाजूला. व्याघ्र प्रकल्पांच्या आजूबाजूच्या गावांत पीआरटी आहेत, म्हणजे वाघ-बिबट गावात आला की सगळ्यात आधी पोहोचणारी गावातलीच पोरं. जमावाला मागे ढकलायचं, वनखात्याची टीम येईपर्यंत वाघ आणि लोक दोघांनाही सांभाळायचं. जीव धोक्यात घालायचं काम आहे हे. आणि त्याला जे मिळते त्याला मानधन म्हणतात. गाईड पोरांची कमाई बरी आहे पण १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरमधलं पर्यटन बंद, मग तीन महिने काय? पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, रात्री तारे पाहायला लोक येतात, त्यातून गावातल्या पोरांना काम मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण पाहुणे आले तरच कमाई, असं असेल तर ती पर्यटनाची नोकरी झाली, जंगल सांभाळायची नाही. जंगल तर पावसाळ्यात पण सांभाळावं लागते.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहिजे आणि लोक जैवविविधता नोंदवही पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने दट्ट्या दिल्यावर नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. मी पाहिलेल्या काही वह्यांत गावाचं नाव बदलून बाकी सगळं तेच होतं, झाडं तीच, मासे तेच, आणि एका गावात तर नदीच नाही तिथे नदीतले मासे. त्या गावातल्या दोन पोरांना वर्षभर पगार देऊन ते काम करायला लावलं असतं तर वही पण खरी झाली असती आणि दोन घरं पण चालली असती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पैसा नाही हे कारण सांगू नका. पोकलेनला पैसा आहे, सौंदर्यीकरणाला आहे, सेल्फी पॉइंटला आहे, सिमेंटच्या भिंतींना तर आहेच. पगाराला नाही. आणि जागा निघाल्या की त्यावर पहिला हक्क गावातल्या आणि वस्तीतल्या पोरापोरींचा, माझ्यासारख्या शहरातल्यांचा नंतर. हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगते पण ते खरं आहे. नदीला वर्षातून दहा वेळा येणारा माणूस आणि नदीवर कपडे धुणारी बाई, दोघांपैकी नदी कोणाला जास्त समजते हे वेगळं सांगायला नको.

तरी शहरातल्या पोरांना यायचं असेल तर या. काम भरपूर आहे. एमएसडब्ल्यू करून येतात बरेच जण, नागपुरात चांगली जुनी समाजकार्य महाविद्यालयं आहेत. भूगर्भशास्त्र केलं असेल तर भूजलाचं काम करता येते आणि अशी माणसं खूपच कमी मिळतात. डेहराडूनचं भारतीय वन्यजीव संस्थान, वन व्यवस्थापन शिकवणारं भोपाळचं आयआयएफएम, टिसचं म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर हे सगळे रस्ते आहेत, महागडे आणि स्पर्धेचे. पण बीएससी, बीए, बीकॉम करूनही होते. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिकून घ्या, ते येणाऱ्या पोराला काम शोधावं लागत नाही. वनहक्क कायदा आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, स्वतः वाचा, त्याच्यावरचे व्हिडिओ नका पाहू. गोंडी थोडी तरी शिका, मेळघाटात जायचं असेल तर कोरकू. बाईक चालवता आली पाहिजे, मुलींना जास्तच, कारण शेवटची एसटी साडेपाचला जाते आणि ग्रामसभा आठला सुरू होते.

आणि खरं पण सांगा पोरांना. सुरुवातीचा पगार कॉल सेंटरपेक्षा कमी असतो. पीएफ असेलच असं नाही, मेडिकल इन्शुरन्स तर विचारूच नका, हे जॉइन व्हायच्या आधी लेखी मागा, लाजू नका. समाजसेवा आहे म्हणून पगार दोन-दोन महिने लेट करणाऱ्या संस्था आहेत, तिथून निघून जा, गिल्ट घेऊ नका. लग्नाच्या बायोडाटात हे काम लिहिलं की समोरची मंडळी गप्प होतात, हा अनुभव मुला-मुली दोघांना येतो. एका ठिकाणी मला विचारलं होतं की मग लग्नानंतर जंगल सोडणार ना. जसं काही माझं अफेअर होतं त्याच्याशी.

संपादक साहेब, मागणी छोटी आहे. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत या कामाला एक पूर्ण पान द्या. त्यात ध्येयवेडे नका टाकू. गडचिरोलीतल्या एखाद्या ग्रामसभेचा हिशोब ठेवणारा पोरगा, अर्जुनी मोरगावातली एखादी ढीवर ताई, पेंचच्या बाजूच्या गावातला पीआरटीवाला, यांना विचारा की तुमचा दिवस कसा जातो, महिन्याला हातात किती येतात आणि वर्षातले किती महिने येतात. ते आकडे छापा. नाग नदीच्या प्रकल्पाची पुढची बातमी कराल तेव्हा रिपोर्टरला एवढंच विचारायला सांगा की यात माणसांच्या पगाराचं हेड आहे का, आणि असेल तर किती वर्षांसाठी.

आपली,
एक नियमित वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. : जागा नसेल आणि पत्र कापायचंच असेल तर नाग नदीवालं कापा, त्यावर तुमच्याकडे तसंही रोज काही ना काही येते. पीआरटीवालं आणि पगारावालं तेवढं राहू द्या.